‘मर्यादित’ या शब्दाचा नेमका अर्थ कोणता, आणि तो कोठे वापरावा?

दप्तरदार_राजारामपुरी

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका सहकारी पतसंस्थेत कार्यालयीन काम पाहते. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी अहवालाचा मजकूर तयार करणे आणि छापखान्यातून येणारी मुद्रिते तपासणे ही कामे माझ्याकडे असतात. या कामात ‘मर्यादित’ या एकाच शब्दापाशी मी तीनदा अडखळले, म्हणून येथे विचारत आहे.

पहिला प्रसंग मुखपृष्ठाचा. मुद्रितात संस्थेच्या नावापुढे ‘मर्यादीत’ असे छापले होते. मी ते ऱ्हस्व करून पाठवले, तर जुळणी करणाऱ्या गृहस्थांनी मला गावातील चार पाट्यांची छायाचित्रे पाठवली. त्यांपैकी तीन पाट्यांवर दीर्घ ‘दी’ होती. माझ्याकडे नियम नव्हता, केवळ शाळेपासूनची सवय होती.

दुसरा प्रसंग अध्यक्षांच्या मनोगताचा. त्यात मी ‘अहवाल वर्षात संस्थेचा नफा मर्यादित राहिला’ असे वाक्य लिहिले होते. अध्यक्षसाहेबांनी त्यावर लाल रेघ ओढून समासात लिहिले, ‘आपल्या नफ्यावर मर्यादा कोणी घातली?’ मला त्यांचे म्हणणे पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही.

तिसरा प्रसंग गेल्या वर्षीच्या सभेतला आहे आणि तोच अधिक टोचतो. एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, ‘आपल्या शाखा गडहिंग्लजपासून शाहूवाडीपर्यंत पसरल्या आहेत. मग संस्थेच्या नावात अजून मर्यादित कशाला? तो शब्द काढून टाका.’ सभागृहात हशा झाला, व्यवस्थापकांनी ‘कायद्यात तसे आहे’ एवढे सांगितले आणि सभा पुढील विषयाकडे वळली. त्या गृहस्थांचा प्रश्न मात्र मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. नावातील हा शब्द नेमका कोणाला मर्यादा घालतो? आणि ‘सीमित’, ‘मोजका’, ‘माफक’, ‘जेमतेम’ या शब्दांहून त्याचा अर्थ कोठे वेगळा होतो?

जुना_लेखापरीक्षक

दप्तरदार ताई, आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण माझी उभी नोकरी सहकारी संस्थांच्या वह्या तपासण्यात गेली आहे.

नावातील ‘मर्यादित’ हा शब्द संस्थेला लागू नाही. तिच्या शाखांना, कार्यक्षेत्राला किंवा उलाढालीलाही तो लागू नाही. तो सभासदांच्या जबाबदारीचे विशेषण आहे. पूर्ण वाक्य लिहायचे झाले तर ‘जिच्या सभासदांची जबाबदारी मर्यादित आहे अशी संस्था’ असे लिहावे लागेल. पाटीवर एवढे लांब वाक्य मावत नाही, म्हणून विशेष्य गळून पडले आणि विशेषण तेवढे उरले. उद्या संस्था अडचणीत आली, अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळावी लागली, आणि तिची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त निघाली, तर सभासदाने घेतलेल्या भागांची रक्कम बुडेल. पण उरलेले देणे फेडण्यासाठी त्याच्या घरावर, जनावरांवर किंवा उसाच्या बिलावर कोणाला हात घालता येणार नाही. हा अर्थ तेथे आहे. जबाबदारी कोठवर आहे, हे उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत, लिहिलेले असते. मात्र स्वतः काढलेले कर्ज किंवा दुसऱ्यासाठी घेतलेली जामीनकी यांचा या मर्यादेशी काहीही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘संस्था मर्यादित आहे, मग माझ्याकडून वसुली कशी करता?’ असे विचारणारे थकबाकीदार मी पाहिलेले आहेत.

व्यवस्थापकांचे उत्तर खरे होते, फक्त अपुरे होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे, मर्यादित जबाबदारीने नोंदलेल्या प्रत्येक संस्थेच्या नावाअखेर ‘लिमिटेड’ हा शब्द किंवा त्याचा कोणत्याही भारतीय भाषेतील पर्याय जोडावा लागतो. म्हणून तो शब्द काढून टाकण्याचा अधिकार सभेला नाही.

आता हा शब्द नावात सक्तीने का घालायचा, हा प्रश्न उरतो. आपण आज ‘मर्यादित’ हे गृहीत धरतो, परंतु मुळात ते गृहीत नव्हते. पूर्वी भागीदारीत बुडालेल्या धंद्याचे देणे भागीदाराच्या घरापर्यंत येत असे, आणि साध्या भागीदारीत ते आजही येते. इंग्लंडमध्ये १८५५ च्या कायद्याने भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागांपुरती ठेवण्याची मोकळीक मिळाली. आपल्याकडे १८५७ च्या कायद्याने कंपन्यांना ती सवलत दिली, पण बँकांना वगळले. बँकांसाठी ती १८६० मध्ये आली. ही सवलत घेणाऱ्याने ती लपवून ठेवू नये, समोरच्या देणेकऱ्याला व्यवहार करण्याआधीच कळावे की येथे वसुली अमुक रेषेपर्यंतच होईल, यासाठी तो शब्द नावातच घालण्याची अट आली. म्हणजे पाटीवरील ‘मर्यादित’ हा सभासदाला दिलासा आहे आणि त्याच वेळी बाहेरच्या माणसाला दिलेला इशाराही आहे. जबाबदारी अमर्यादित असली म्हणजे काय होते, हे १८७८ मध्ये बुडालेल्या सिटी ऑफ ग्लासगो बँकेच्या भागधारकांनी अनुभवले: बँकेचे देणे फेडता फेडता त्यांच्यातील बहुतेकांचे दिवाळे निघाले.

सहकारात तर उलटा क्रम होता. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांची जबाबदारी नियमाने अमर्यादित होती. ही कल्पना जर्मनीतील राइफायझेन पद्धतीतून आली होती. शेतकऱ्याकडे भांडवल नाही, तारण ठेवण्याजोगे फारसे काही नाही. मग कर्ज देणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? तर सगळ्या गावाने एकमेकांसाठी जबाबदार राहायचे. शेजारी बैल विकून लग्न करतो की विहीर खणतो, यावर सगळ्यांची नजर राहील, हा त्यामागचा हिशेब. छोट्या गावात तो चालला, परंतु ज्याच्याकडे चार एकर जास्त होते तो माणूस अशा संस्थेत यायला कचरू लागला, कारण संस्था बुडाली तर वसुली प्रथम त्याच्याच दारात आली असती. स्वातंत्र्यानंतर संस्था मोठ्या झाल्या, सभासद एकमेकांना ओळखेनासे झाले, आणि मर्यादित जबाबदारी हीच रूढ पद्धत बनली. सभेत बोललेल्या ज्येष्ठांना हे सांगावे: संस्था गडहिंग्लजपासून शाहूवाडीपर्यंत पसरली आहे म्हणूनच तो शब्द हवा. सभासद सगळ्या गावांचे, पण त्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही.

जाता जाता ठेवीदारांविषयी एक गोष्ट. काहींना वाटते की ‘मर्यादित’ म्हणजे ठेव अमुक रकमेपर्यंत सुरक्षित. तसे नाही. बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत जे विमा संरक्षण आहे, ती निराळी मर्यादा, निराळ्या कायद्याने घातलेली. ती बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही.

निपाणीकर

वरील उत्तर वाचून आमच्याकडील गंमत सांगावीशी वाटली. कागल मागे टाकून कोगनोळीच्या पुढे आलात की मराठी पाट्यांवरचा ‘मर्यादित’ विरळ होतो आणि ‘नियमित’ दिसू लागतो. ‘अमुक सौहार्द सहकारी नियमित, निपाणी’ अशी नावे आमच्याकडे सर्रास आहेत. पुष्कळदा नुसते ‘नि.’ लिहितात. त्याचे कारण असे की कन्नडमध्ये ‘लिमिटेड’साठी ‘नियमित’ हाच रूढ शब्द आहे, आणि कर्नाटकात १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांच्या नावात तो येतो. नाव देवनागरीत लिहिताना शब्द तसाच उचलला जातो.

कोल्हापूरहून आलेल्या माझ्या मेव्हण्यांनी एकदा अशी पाटी वाचून मला विचारले होते, ‘दाजी, ही संस्था नियमित आहे म्हणजे बाकीच्या अधूनमधून उघडतात की काय?’ मला त्या वेळी उत्तर सुचले नव्हते.

संस्कृत_वर्ग

निपाणीकरांच्या मेव्हण्यांचा प्रश्न विनोदी असला तरी त्यात भाषेचा खरा प्रश्न दडलेला आहे. ‘नि’ या उपसर्गासह ‘यम्’ या धातूचा अर्थ आवरणे, लगाम घालणे असा आहे. त्यामुळे संस्कृतात ‘नियमित’ म्हणजे ज्याला आवर घातलेला आहे ते. कन्नडने तो मूळ अर्थ व्यवहारात धरून ठेवला. मराठीत ‘नियम’ या शब्दाभोवती रोजचा क्रम, नेम, शिस्त हा अर्थ दाट झाला आणि ‘नियमित’ म्हणजे ठरल्या वेळी होणारे असे आपण समजू लागलो. दोघांनीही संस्कृत शब्दच घेतला आहे. फक्त एकाने त्याचे एक टोक धरले, दुसऱ्याने दुसरे. हिंदीतही थोडे असे आहे. मध्य प्रदेशात सहकारी संस्थांच्या नावांत ‘मर्यादित’ आढळतो, परंतु ‘मर्यादित आचरण’ असे हिंदीत म्हटले तर शालीन वागणूक असा अर्थ होतो. तेथे मराठी माणूस ‘मर्यादशील’ म्हणेल. ‘मर्यादित सून’ असे मराठीत कोणी म्हणणार नाही.

आता ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. ‘मर्यादित’ हा शब्द मर्यादा या नामाला ‘इत’ प्रत्यय लागून झालेला आहे. एखादी गोष्ट ज्याच्या ठायी उत्पन्न झाली आहे ते, अशा अर्थाने हा प्रत्यय लागतो, आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. ताऱ्यांनी भरलेले ते तारकित, फुलांनी बहरलेले ते पुष्पित, तसेच पल्लवित, अंकुरित, दुःखित. त्याच धर्तीवर जिला मर्यादा आलेली आहे ती गोष्ट मर्यादित. या सर्वांत प्रत्ययातील ‘इ’ ऱ्हस्व आहे. जेथे दीर्घ दिसते तेथे त्याचे कारण वेगळे असते: ‘अतीत’ आणि ‘प्रतीत’ या शब्दांत अति आणि प्रति यांतील ‘इ’ पुढील ‘इत’शी मिळून दीर्घ झाली आहे, आणि ‘संगीत’ मध्ये मूळ शब्दच ‘गीत’ आहे.

छापखान्यातील गृहस्थांना मी फार दोष देणार नाही. मराठी कान ‘मर्यादीत’ असेच ऐकतो, आणि गरीब, वकील, जमीन या शब्दांप्रमाणे अकारान्त शब्दातील शेवटून दुसरे अक्षर दीर्घ लिहिण्याचा मराठीचा नियमही त्यांच्या बाजूने उभा असल्यासारखा वाटतो. परंतु तो नियम तत्सम शब्दांना लागू होत नाही. तत्सम शब्दांत उपान्त्य इकार-उकार मूळ संस्कृताप्रमाणेच राहतो. म्हणून ‘मर्यादित’ हेच शुद्ध, पाट्या तीन असोत वा तीनशे.

‘मर्यादा’ हा शब्दही थोडा निरखण्यासारखा आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरील प्राचीन ग्रंथात, त्याची फोड ‘मर्यैः आदीयते’ अशी केली आहे, म्हणजे माणसांनी जी स्वीकारलेली असते ती. व्युत्पत्ती म्हणून ही फोड कितपत टिकते हा वेगळा वाद आहे, परंतु शब्दाचा स्वभाव तिने बरोबर टिपला आहे असे मला वाटते. मर्यादा आपोआप असत नाही. कोणीतरी ती घालतो आणि कोणीतरी ती पाळतो. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत पसरणाऱ्या जांभळ्या फुलांच्या वेलीला आपण मर्यादवेल म्हणतो, तेथेसुद्धा समुद्राने येथवर यावे, पुढे येऊ नये, असे कोणीतरी ठरवून दिल्याचा भाव आहे.

येथेच ‘सीमा’ आणि ‘मर्यादा’ यांची वाट वेगळी होते. सीमा ही जमिनीवरची रेघ. आपली ‘शीव’ तिच्यातूनच आली. कोल्हापूरकरांना हे सांगण्यासाठी लांब जायला नको. दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात सारे शहर सीमोल्लंघनाला जमते, सोने लुटते आणि आनंदाने घरी जाते. सीमा ओलांडणे हा आपल्याकडे सण आहे. मर्यादा ओलांडणे हा मात्र अपराध आहे, आणि ‘मर्यादोल्लंघनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असे कोणी कोणाला देणार नाही. ‘सीमित’ या शब्दाला मी अशुद्ध म्हणत नाही. तो संस्कृत घडणीचाच आहे. परंतु मराठी लेखनात तो बहुधा हिंदीच्या वाटेने येतो, आणि जेथे कोणीतरी घातलेले बंधन सांगायचे आहे तेथे ‘मर्यादित’च अधिक नेमका पडतो. गणितात मात्र दोघांनाही बाजूला ठेवून ‘सांत संच’ म्हणतात, म्हणजे अंत असलेला. तेथे बंधन कोणी घातलेले नसते. संचातील घटक मोजून संपतात, एवढेच.

आणखी एक सूक्ष्म भेद सांगून थांबतो. पाणिनीच्या ‘आङ् मर्यादाभिविध्योः’ या सूत्रात ‘पर्यंत’ या अर्थाच्या दोन छटा वेगळ्या केल्या आहेत. जेथे ती हद्द वगळून मोजायचे ती मर्यादा, आणि जेथे हद्दीसकट मोजायचे तो अभिविधी. पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला, हे व्याकरणातले जुने उदाहरण आहे. पाटलिपुत्रात पडला की नाही, हे त्या एका वाक्यावरून ठरत नाही. आपण ‘कागलपर्यंत पाऊस झाला’ म्हणतो तेव्हा कागलच्या माणसाने छत्री उघडली होती का, हे मराठीतही कळत नाही. दप्तरदार ताईंच्या सूचनापत्रात ‘दि. ३१ मार्चपर्यंत’ असे असेल, तर ३१ तारखेला येणारा सभासद आत धरायचा की बाहेर, यावर वाद होऊ शकतो. ‘३१ मार्चअखेर’ हा हिशेबनिसांचा जुना प्रयोग त्या दृष्टीने फार शहाणा आहे.

जुळारी_शनिवारपेठ

मी आयुष्यभर मुद्रिते तपासली आहेत, आधी शिशाच्या खिळ्यांवर आणि आता पडद्यावर. वरची उत्तरे वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. वापराविषयी मला काही म्हणायचे आहे, आणि त्यात दप्तरदार ताईंच्या अध्यक्षांची बाजू मला घ्यावी लागणार आहे.

‘मर्यादित’ हा शब्द प्रमाण सांगत नाही, रेषा सांगतो. थोडे असणे आणि मर्यादित असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पन्नास कोटींचा निधी मर्यादित असू शकतो, कारण पन्नास कोटींवर रेघ ओढलेली आहे. आणि खिशातले दहा रुपये मर्यादित नसतात, ते नुसते कमी असतात. म्हणून हा शब्द लिहिण्याआधी मी स्वतःला विचारतो की येथे रेघ कोणी ओढली आहे. उत्तर मिळाले तर शब्द ठेवतो. ‘परवान्यांची संख्या मर्यादित आहे’: परवाने देणाऱ्याने ती ठरवली आहे, शब्द योग्य. ‘मर्यादित षटकांचा सामना’: षटके आधीच ठरली आहेत, शब्द योग्य. ‘नफा मर्यादित राहिला’ या वाक्यात मात्र रेघ ओढणारा सापडत नाही. नफा कमी झाला, इतकेच तेथे म्हणायचे आहे, आणि ते म्हणायला जीभ धजत नाही म्हणून ‘मर्यादित’ची मदत घेतली आहे. अध्यक्षसाहेबांच्या लाल रेघेत मला व्याकरणाची जाण दिसते, मग त्यांचा हेतू काहीही असो.

वर्तमानपत्रांनी ही सवय वाढवली, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘बंदला मर्यादित प्रतिसाद’ म्हणजे दुकाने उघडी होती. ‘शोधमोहिमेला मर्यादित यश’ म्हणजे हाती काही लागले नाही. ‘मर्यादित अर्थाने हे खरे आहे’ म्हणजे लिहिणाऱ्याला ते खोटे वाटते, पण भांडण नको आहे. अशा वेळी मी लेखकाला फोन करून विचारतो की साहेब, नेमके किती? बहुतेकदा ते सांगतात, आणि तोच आकडा मग मजकुरात जातो.

उरलेल्या शब्दांचे म्हणाल तर मराठीत प्रत्येक तऱ्हेच्या कमीपणाला स्वतंत्र शब्द आहे आणि त्यांची सरमिसळ करणे म्हणजे घरची श्रीमंती अडगळीत टाकणे होय. ‘मोजका’ मध्ये निवड आहे: मोजकी माणसे बोलावली, म्हणजे कोणाला बोलवायचे याचा विचार केला होता. ‘माफक’ मध्ये समाधान आहे: माफक दर, माफक अपेक्षा, जेवढे हवे तेवढे, जास्त नाही. ‘जेमतेम’ मध्ये दम लागल्याचा आवाज येतो. काठावर पोहोचलो, पण कसेबसे. ‘तुटपुंजा’ मध्ये तक्रार आहे. ‘बेताचा’ हा मला सर्वांत आवडतो, कारण त्यात खोडी आहे: ‘परिस्थिती बेताची आहे’ यात सहानुभूती असते आणि ‘बुद्धी बेताची आहे’ यात बिलकूल नसते. पेन्शनीवर राहणाऱ्या माणसाचे उत्पन्न ‘मर्यादित’ म्हणावे, कारण ते ठरलेले आहे, मग ते मोठे असले तरी. आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या उत्पन्नाला ‘मर्यादित’ म्हणणे ही सभ्यपणाने केलेली अचूकतेची हानी आहे. ते तुटपुंजे असते.

वाक्यरचनेत दोन चुका मी रोज दुरुस्त करतो. एक म्हणजे ‘ही योजना केवळ सभासदांपुरतीच मर्यादित आहे’ यासारखी वाक्ये. ‘केवळ’, ‘पुरती’, ‘च’ आणि ‘मर्यादित’ हे चौघे एकच ओझे उचलत आहेत. ‘ही योजना सभासदांपुरती आहे’ एवढ्यात सगळे येते. ‘पुरता’ हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे आणि त्याला सोबतीची गरज लागत नाही. दुसरी चूक अशी की ‘मर्यादित’ हे विशेषण बदलत नाही, पण ‘पुरता’ बदलतो. प्रश्न कोल्हापूरपुरता, चर्चा कोल्हापूरपुरती, धोरण कोल्हापूरपुरते. ‘चर्चा कोल्हापूरपुरते मर्यादित राहिली’ असे वाक्य परवाच माझ्या हाताखालून गेले आणि ते पकडल्याचे समाधान मला दिवसभर पुरले.

‘मर्यादित’ आणि ‘मर्यादेत’ यांतही गल्लत होते. ‘खर्च मर्यादित ठेवा’ म्हणजे खर्चाला रेघ ओढा. ‘खर्च मर्यादेत ठेवा’ म्हणजे रेघ आधीच ओढलेली आहे, तिच्या आत राहा. अंदाजपत्रक सभेत मंजूर झालेले असेल तर दुसरे वाक्य लिहावे.

रस्सा_मंडळ

चर्चा फार गंभीर झाली आहे, म्हणून एक साधी शंका विचारतो. आमच्या ओळखीच्या एका खानावळीच्या पाटीवर ‘तांबडा-पांढरा रस्सा अनलिमिटेड’ असे लिहिलेले आहे. मालकांना शुद्ध मराठीची आवड आहे आणि त्यांना पाटी बदलायची आहे. ‘अमर्यादित’ लिहावे की ‘अमर्याद’? मी त्यांना एवढेच सांगितले आहे की चुकून ‘अ’ पडला आणि ‘रस्सा मर्यादित’ झाले, तर कोल्हापुरात गिऱ्हाईक पायरीही चढणार नाही.

संस्कृत_वर्ग

‘अमर्याद’ म्हणजे ज्याला मर्यादाच नाही ते. अमर्याद सत्ता, अमर्याद हाव. त्यात मोजमाप सुटल्याचा भाव आहे, आणि वागणुकीविषयी वापरला तर तो शब्द बेताल असाही अर्थ देतो. ‘अमर्यादित’ म्हणजे ज्याला मर्यादा घालता आली असती, पण घातलेली नाही ते. त्या न्यायाने लेखापरीक्षकांनी सांगितलेली जबाबदारी अमर्यादित, आणि रस्साही अमर्यादितच, कारण वाढणाऱ्याने मनात आणले तर तो कधीही हात आखडता घेऊ शकतो. परंतु खानावळीच्या पाटीवर हे दोन्ही शब्द न लिहिता ‘रस्सा हवा तेवढा’ असे लिहावे, असा माझा सल्ला आहे.

दप्तरदार_राजारामपुरी

सर्वांचे मनापासून आभार. अध्यक्षांच्या मनोगतातील वाक्य मी आता ‘अहवाल वर्षात नफा मागील वर्षापेक्षा कमी झाला असून त्याची कारणे पुढे दिली आहेत’ असे बदलले आहे. ते वाचून अध्यक्षसाहेब काही क्षण थांबले, आणि ‘पहिलेच वाक्य बरे होते’ असे म्हणाले. तरीही त्यांनी नवे वाक्य ठेवले. नावाचा खुलासा अहवालाच्या दुसऱ्या पानावर तीन ओळींत घेत आहोत, म्हणजे त्या ज्येष्ठ सभासदांना सभेआधीच उत्तर मिळेल.

शेवटची एक शंका. पावत्यांवर जागा कमी असते, तेथे ‘मर्या.’ असे लिहिलेले चालेल का? आणि मजकुरात ‘पतसंस्था मर्यादितच्या सभासदांनी’ असे वारंवार लिहावे लागते, ते कानाला खटकते.

जुळारी_शनिवारपेठ

‘मर्या.’ हे संक्षिप्त रूप रूढ आहे. पुढचा बिंदू मात्र सोडू नये, कारण शब्द तेथे संपलेला नाही. त्यानंतर स्वल्पविराम आणि मग गावाचे नाव. करारपत्रे, सूचनापत्रे आणि मुखपृष्ठ यांवर नाव नोंदणी प्रमाणपत्रात जसे आहे तसेच, पूर्ण लिहावे; तेथे प्रमाणपत्रात ‘लि.’ असेल तर आपण आपल्या आवडीने ‘मर्यादित’ करू नये.

‘मर्यादितच्या’ खटकते, कारण विभक्तीचा प्रत्यय विशेषणाला लागला आहे आणि ज्याला तो लागायला हवा ती संस्था मागे राहिली आहे. पूर्ण नाव परिच्छेदात एकदाच, प्रत्ययाशिवाय येईल अशी वाक्यरचना करावी आणि पुढे ‘संस्थेच्या सभासदांनी’ असे लिहावे. मुद्रित पुन्हा पाहायचे असेल तर पाठवा, पण गुरुवारच्या आत. त्या दिवशी आमच्याकडे लग्नपत्रिकांची घाई असते.